दसऱ्याच्या आवराआवरीत सापडलेली पिशवी

जोशी काकू, ए-२०३ (सकाळी ९:१२)
दसऱ्याचं आवरायला काढलंय. माळ्यावर बिग बझारची पिशवी सापडली, आत २००८ सालची पावती. पुण्याला ताईकडं राहिले होते तेव्हाची. शाई उडालीय, तारीख तेवढी दिसते. टाकायला हात होईना. तुमच्यापैकी कुणाकडं असलं काही आहे का?

पाटील, बी-४०२, सेक्रेटरी (९:२०)
उद्या पहाटे पाणी येणार आहे. खालची टाकी भरेपर्यंत कुणी मोटर लावू नये ही विनंती. पिशवीचं बोला, मीही वाचतोय.

रोहित, बी-१०३ (९:३१)
काकू, २६ जानेवारीचा सेल! 'सबसे सस्ता दिन'. २००६ ला पहिल्यांदा लावला तेव्हा एवढी गर्दी झाली की काही दुकानांत पोलीस बोलवावे लागले, दारं बंद करावी लागली. मी शाळेत होतो. मामानं मुंबईहून प्रेशर कुकर आणला होता, आई अजून त्यातच वरण लावते.

गड्डम काका, ए-१०१ (९:४४)
मी पहिलं बघितलं ते हैदराबादला, आबिडसला. २००१ चीच गोष्ट. कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबाद, तिन्हीकडं थोड्या दिवसांच्या अंतरानं उघडले होते. मेव्हणा घेऊन गेला. मला वाटलं होतं गार हवा, चकचकीत फरशी, आपल्यासारख्याला आत जायला संकोच वाटेल. तर आत निम्मी मंगळवार बाजाराची गर्दी! तांदूळ उघडा ठेवलेला, मूठ भरून बघा. बिग बझार काढणाऱ्या किशोर बियाणींनी मुद्दामच तसं ठेवलं होतं. फार नीटनेटकं दिसलं की आपला माणूस महाग समजून दारातून मागं फिरतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

जोशी काकू, ए-२०३ (९:५०)
आणि जुनं सामान किलोवर घ्यायचे ते! रद्दी, भांडी, जुने कपडे, सगळ्याची कूपनं मिळायची. ताईनं माळा रिकामा केला होता. मात्र कूपन वापरायला त्याच्या कितीतरी पट खरेदी करावी लागायची, म्हणून माळा परत भरला.

स्वाती, सी-१०२ (१०:०५)
मी अशाच एका स्वस्त दुकानात काउंटरला होते, इथंच, लग्नाआधी अडीच वर्षं. कुठल्या ते लिहीत नाही, तिथली बरीच माणसं अजून गावात आहेत.

लोक स्वस्त म्हणून यायचे हे खरंच. पण मला जास्त आठवतात त्या गावाच्या पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या बायका. आठवड्याचे पैसे मिळाले की शनिवारी दुपारी तिघी-चौघी मिळून यायच्या. गल्लीतल्या दुकानात त्यांना फळीबाहेर उभं राहून मागावं लागायचं आणि मागची बाकी चारचौघांत ऐकावी लागायची. इथं त्या पुडा स्वतः हातात घ्यायच्या, उलटा करायच्या, वास घ्यायच्या, परत ठेवायच्या. न घेता ठेवला तरी कुणी काही बोलत नव्हतं. मला नोकरी लागली तेव्हा सुरुवातीला याचं काही वाटलं नाही, नंतर कळत गेलं.

एक आजी होत्या, त्यांना वाचता यायचं नाही. सगळं सामान माझ्यासमोर ओळीत मांडायच्या आणि म्हणायच्या, "दोनशेच्या वर गेलं की थांब गं." मी एकेक वस्तू मशीनवर धरत जायची. दोनशे झाले की राहिलेलं बाजूला. त्या नेहमी साबण शेवटी ठेवायच्या, म्हणजे राहिलाच तर साबण राहावा, तेल राहू नये.

मग माल यायचा कमी झाला. आधी साबणाच्या वड्या, मग डाळी, मग तेल. वरून निरोप, पुढच्या आठवड्यात गाडी येतेय, तोवर फळ्या रिकाम्या दिसू देऊ नका. आम्ही एकाच बिस्किटाचे पुडे फळीच्या काठाला ओळीनं लावायचो, मागं सगळं मोकळं. शेवटचे दोन महिने पगार नाही. आम्ही अकरा जण होतो, कुणालाच मिळाला नाही, आजतागायत. आजी दोन शनिवार येऊन रिकाम्या पिशवीनं परत गेल्या. तिसऱ्या शनिवारी शटर बंद होतं.

जोशी काकू, ए-२०३ (१०:१४)
स्वाती, हे तू कधीच बोलली नाहीस गं.

रोहित, बी-१०३ (१०:२७)
ताई, वाचून गप्पच झालो.

बिग बझारचं शेवटी काय झालं ते मी तेव्हा रोज वाचायचो, आमच्या बँकेत तोच विषय असायचा. कर्ज आधीच फार होतं, त्यात २०२० चं लॉकडाऊन. ऑगस्ट २०२० मध्ये बिग बझारच्या मालकांचा, म्हणजे फ्यूचर ग्रुपचा, किरकोळ विक्रीचा धंदा रिलायन्सला २४,७१३ कोटींना द्यायचं ठरलं. ॲमेझॉननं हरकत घेतली, कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. बऱ्याच दुकानांची भाडी थकली होती आणि भाडेकरार रिलायन्सकडं गेले होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी दुकानं ताब्यात घ्यायला सुरुवात केली, तो ठरलेला व्यवहार नंतर मोडला. जुलै २०२२ ला बिग बझार चालवणारी कंपनी फ्यूचर रिटेल दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ ला ती मोडीत काढायचा आदेश झाला.

जोशी काकू, ए-२०३ (१०:३३)
त्याच्याही आधी सुभिक्षाची दुकानं बुडाली. पुण्यात ताईच्या घराजवळ होतं, लहानसं, एसी नाही काही नाही. औषधंही तिथं स्वस्त.

रोहित, बी-१०३ (१०:३६)
हो, चेन्नईचे. १९९७ ला सुरू झाले, २००८ पर्यंत सोळाशेच्या आसपास दुकानं. बहुतेक वाढ शेवटच्या दोन-तीन वर्षांतली, तीही कर्जावर. २००८ च्या अखेरीला हातात रोकड उरली नाही आणि २००९ च्या सुरुवातीला जवळपास सगळं बंद.

पाटील, बी-४०२, सेक्रेटरी (१०:४५)
मला एक सांगायचंय. या सगळ्यात कोपऱ्यावरच्या अण्णांना विसरू नका. लॉकडाऊनमध्ये वहीवर लिहून त्यांनीच सोसायटीला तीन महिने सामान दिलं. मोठं दुकान उधार देत नाही.

स्वाती, सी-१०२ (१०:४८)
अण्णा चांगलेच आहेत काका. सगळ्या गल्लीत अण्णा नसतात.

गड्डम काका, ए-१०१ (दुपारी १:१५)
जेवून बसलो आणि टाईप करतोय, लांबेल, समजून घ्या.

स्वाती, ते पुडे काठाला लावायचं वाचलं आणि माझा कारखाना डोळ्यांसमोर आला. माझे सोळा माग होते, टॉवेलचे. एका व्यापाऱ्यामार्फत माझा माल अशाच एका स्वस्त दुकानांच्या साखळीला जायचा. नाव मीही लिहीत नाही. पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. एवढी मोठी ऑर्डर मी आयुष्यात बघितली नव्हती, रात्रपाळी लावली. दर मात्र कसून पाडलेला. टॉवेलमागं रुपया-दीड रुपया सुटायचा. तरी म्हटलं, संख्या आहे.

पैसे आधी तीस दिवसांनी यायचे, मग साठ, मग नव्वद. सूतवाला मला नव्वद दिवस थांबत नाही, त्याला रोख लागते. कामगाराला शनिवारी पगार लागतो. म्हणजे त्या दुकानात टॉवेल स्वस्त मिळत होता तो माझ्या व्याजावर. व्यापाऱ्याकडं विचारलं की म्हणायचा, एवढे मोठे लोक आहेत, बुडतात होय? शेवटचे दोन चेक वटले नाहीत. सहा माग विकले, वसुलीला तीन वर्षं फिरलो, थोडे आले, बाकीचे सोडून दिले. मागावरच्या दोघांना भिवंडीला जावं लागलं. त्यातला एक माझ्या वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडं होता. त्याला एसटीत बसवून परत आलो तो दिवस मला कारखाना बंद झाल्यासारखाच गेला.

म्हणून कुठलंही स्वस्त दुकान बघितलं की मी एकच विचारतो, माल देणाऱ्याला पैसे किती दिवसांनी मिळतात? डीमार्टचं बघा. २००२ ला पवईत पहिलं दुकान, आज ४०० च्या वर. त्याचे मालक राधाकिशन दमाणी माल देणाऱ्याला पटकन पैसे देतात म्हणून त्यांना माल कमी दरात मिळतो, आणि दुकानाची जागा शक्यतो स्वतःची घेतात, भाड्याचं ओझं नाही. बाकीचे शंभर गावांत पाट्या लावत होते तेव्हा हे सावकाश एकेक उघडत होते. त्याच्याही आधी त्यांनी नवी मुंबईत नेरूळला अपना बाजारची शाखा चालवायला घेतली होती. आणि अपना बाजार म्हणजे १९४८ ला मुंबईत नायगावच्या कामगारांनी उभी केलेली ग्राहकांची सहकारी संस्था. माझे वडील आधी गिरणी कामगार होते, त्यामुळं मला हा धागा फार जवळचा वाटतो. कामगारांनी वाणसामान स्वस्तात मिळावं म्हणून काढलेल्या दुकानात तो माणूस शिकला.

पण डीमार्ट टिकलं म्हणून माझं दुःख कमी होत नाही. स्वातीच्या आजी बुडालेल्या दुकानात येत होत्या.

स्वाती, सी-१०२ (१:३०)
काका, आमच्याकडं टॉवेल होते. रांगेच्या शेवटी, लोखंडी जाळीत. पांढरे आणि गुलाबी. खूप खपायचे.

गड्डम काका, ए-१०१ (१:३२)
गुलाबीचा रंग पक्का होता ना?

स्वाती, सी-१०२ (१:३३)
कुणी परत आणलेला आठवत नाही.

देशपांडे काकू, सी-३०१, सध्या मुलाकडे न्यू जर्सी (संध्याकाळी ६:४०)
आत्ता उठले, सगळं वाचून काढलं. इथंही तेच झालंय हो. के-मार्ट म्हणून दुकानं होती, एके काळी दोन हजारांवर. १९६२ ला सुरू झालं, वॉलमार्ट आणि टार्गेटही त्याच वर्षीचे. मुलगा सांगतो, आधी के-मार्टच सगळ्यांत पुढं होतं. दुकानात मध्येच निळा दिवा लागायचा आणि तेवढ्या वेळापुरता एखाद्या वस्तूचा भाव पडायचा, बायका गाड्या ढकलत तिकडं जायच्या. वॉलमार्टनं माल कुठं किती शिल्लक आहे याचा हिशोब कॉम्प्युटरवर बसवला, हे मागं राहिले. पुस्तकांची, खेळाच्या सामानाची वेगळी दुकानं विकत घेत बसले आणि स्वतःच्या फळ्या रिकाम्या पडू लागल्या. २००२ ला दिवाळखोरी. आमच्या जवळचं ॲव्हेनेलचं शेवटपर्यंत टिकलं होतं, तेही २०२३ ला बंद झालं. मी पहिल्यांदा इकडं आले तेव्हा भाषेची भीती वाटायची. तिथं कुणाला काही विचारावं लागत नव्हतं, किंमत लिहिलेली, आपण उचलायचं. स्वाती, तुझ्या त्या बायकांचं मला म्हणूनच पटलं.

गड्डम काका, तिथून घेतलेला एक टॉवेल अजून वापरतेय. पट्टीवर 'मेड इन इंडिया' लिहिलं होतं, धुऊन धुऊन आता 'इंडिया'च राहिलंय.

गड्डम काका, ए-१०१ (६:४४)
कोपऱ्याची शिवण एकेरी की दुहेरी?

देशपांडे काकू, सी-३०१ (६:५२)
थांबा, बाथरूममधून आणते.

दुहेरी आहे.

गड्डम काका, ए-१०१ (६:५३)
येताना घेऊन या. वजन करून बघतो.

जोशी काकू, ए-२०३ (७:१०)
पिशवी धुऊन वाळत घातलीय.