दादाला गार्डियन करून धाकट्याचा हिस्सा सोडवून घेतायत, हे चालतं का?

गुहागरची_मनू:
धाकटा भाऊ ३४ वर्षांचा आहे, बौद्धिक दिव्यांग, सर्टिफिकेट आहे. सीझनला आंब्याच्या पेट्या भरायला जातो, कुठलं फळ डागी आहे ते त्याला आमच्या आधी दिसतं, पण मोठे आकडे आणि कागदपत्रं नाही कळत. बाबा गेल्यावर सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं लागली. आता मुंबईचा दादा म्हणतो मी त्याचा गार्डियन होतो आणि त्याच्या वतीने माझ्या नावे हक्कसोड करून घेतो, लोनला सोपं पडेल. गावातले पण म्हणतात त्याला काय कळतंय, करून टाका. मला पटत नाहीये. काय करू?

तारीख_पे_तारीख:
आधी कुठेही सही-अंगठा होऊ देऊ नका. १८ पूर्ण झाल्यावर आईबाप पण आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत, भावाचं तर सोडाच. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा, कलम १३ वाचा. मालमत्ता ठेवायचा, वारसाने घ्यायचा हक्क त्यालाही इतरांसारखाच आहे, आणि जो मदत करतोय त्याचेच हितसंबंध त्या व्यवहारात आड येत असतील तर त्याने त्यात मदतीला राहायचंच नाही. जमीन दादाच्या नावावर जाणार आणि धाकट्याच्या वतीने सही पण दादाच करणार, मग अजून काय पाहिजे? मदतनीस बदलायचा हक्क पण धाकट्याचाच.

काजूवाला:
कायदा ठीक आहे हो, पण बँकेत गेलं की गार्डियन सर्टिफिकेटच मागतात, तिथे कलम १३ कोण ऐकतो.

तारीख_पे_तारीख:
मागतात, खरंय. ते १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली कलेक्टरच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती देते. पण ते मिळालं म्हणजे रान मोकळं असं नाही, ६ महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते, मग दरवर्षी हिशोब, आणि गैरवापर केला तर काढूनही टाकतात. २०१६ च्या कायद्यात मर्यादित पालकत्व पण आहे, ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक मुदतीपुरतं, तेही त्या माणसाच्या मर्जीप्रमाणे दोघांनी मिळून ठरवायचं.

देवगडची_आये:
मनू, गार्डियनचं मागाहून बघ, आधी त्याला विचारलंय का कोणी? माझ्या लेकाचं पण असंच आहे. कागद वाचून दाखवला की तो सगळ्याला हो म्हणतो, समोरच्याला बरं वाटावं म्हणून. म्हणून मी त्याला गडग्याकडेने फिरवलं, म्हटलं हे काकाला दिलं तर पुढच्या वर्षी इथले काजू कोण नेणार? म्हणाला काका. मग चालेल तुला? नाय म्हणाला आणि तिथेच बसला. दोन दिवसांनी परत उलटं करून विचारलं, तेच उत्तर. घाई करायची नाही, आणि ज्याला जमीन हवी आहे तो माणूस त्या वेळी तिथे नकोच.

गुहागरची_मनू:
थँक्यू सगळ्यांना. दादा जायच्या आत विचारते. पण मी पण हिस्सेदारच ना, मग मी विचारलेलं चालेल का?

तारीख_पे_तारीख:
चांगला प्रश्न. तुमचाही हिस्सा आहे, तेव्हा जमिनीत काही नसलेलं कोणीतरी बरोबर घ्या, त्याच्या विश्वासातली मावशी, शाळेतल्या जुन्या बाई, कोणीही.