मदत हवी आहे: वार्षिक कार्यक्रमासाठी पियानो ड्युएट, ऐकायला भारदस्त पण मुलींच्या आवाक्यातलं

नमस्कार. मी नाशिकला घरी पियानो शिकवते. डिसेंबरअखेर विद्यार्थ्यांचा वार्षिक कार्यक्रम आहे आणि यंदा त्याची सांगता ड्युएटने करावी असं मनात आहे. एकच पियानो, दोघी मुली, चार हात. रचना ठरत नाहीये, म्हणून हा धागा.

मोठी पंधरा वर्षांची. पियानो परीक्षेची पाचवी ग्रेड झाली आहे, डावा हात भक्कम, मोजणी पक्की. धाकटी बारा वर्षांची, चौथ्या ग्रेडचं वाजवते. तिची बोटं चपळ आहेत आणि चाल अगदी गळ्यातून आल्यासारखी वाजवते, पण हात लहान आहे. ऑक्टेव्ह (एका सप्तकाचं अंतर) जेमतेम पोचतो, सलग चार-पाच आले की मनगट आवळतं.

श्रोते म्हणजे घरचीच मंडळी. बहुतेकांचे कान शास्त्रीय गाण्यावर आणि नाट्यसंगीतावर तयार झालेले. पाश्चात्त्य संगीताची सवय नाही, पण ठेका चुकला किंवा दोघींचं एकत्र पडलं नाही, तर त्यांना लगेच कळेल. जुगलबंदी ऐकणारे लोक आहेत हे! त्यांना खरोखर रंगून जाता यावं असं काहीतरी हवंय. वेळ चार-पाच मिनिटं.

माझ्या यादीत सध्या हे आहे: ब्राम्सचं पाचवं हंगेरियन नृत्य, द्वोर्झाकच्या स्लाव्हॉनिक नृत्यांपैकी ओपस (रचना-क्रमांक) ४६ मधलं आठवं, शूबर्टचं डी मेजरमधलं मिलिटरी मार्च आणि फोरेच्या 'डॉली' सुइटमधली (छोट्या रचनांच्या संचातली) अंगाई. ब्राम्सवर दोघींचा जीव आहे. अंगाई मला स्वतःला फार आवडते, पण शेवटाला ती फारच शांत होईल का? यातलं काय घ्यावं, की वेगळंच काही सुचवाल? तीन महिने हातात आहेत, पण मध्ये सहामाही परीक्षा आणि दिवाळी.

मांडवीकाठ:

ताई, द्वोर्झाकचं आठवं आधी यादीतून काढा. ते फ्युरिअंट आहे: तीन मात्रांच्या चालीत दोन-दोनचे आघात घुसवलेले, आणि वेग प्रेस्टो, म्हणजे अतिशय जलद. सातव्या-आठव्या ग्रेडच्या जोडीलाही घाम फुटतो.

ब्राम्सबद्दल एक गोष्ट नक्की तपासा. ही नृत्यं मुळातच चार हातांसाठी लिहिलेली आहेत, पहिली दहा १८६९ मध्ये छापली गेली. पण मूळ पाचवं एफ शार्प मायनरमध्ये आहे आणि मधला वेगवान भाग एफ शार्प मेजरमध्ये जातो, म्हणजे सहा शार्प, सहा सूर अर्ध्या स्वराने चढवलेले. ऑर्केस्ट्रात आपण जे ऐकतो ते जी मायनरमध्ये असतं, तिथे हाच भाग जी मेजरमध्ये येतो, एकच शार्प. त्यामुळे मुलींनी ऐकलेलं आणि तुमच्या हातात पडणारं पुस्तक यांत मोठी तफावत असू शकते. जी मायनरमधली सोपी केलेली रूपांतरं मिळतात, पण ती चाळून घ्या. काहींत सेकंडोला (खालच्या सुरांच्या वादकाला) नुसतं 'ऊम-पा' उरतं आणि वरच्या हातात ऑक्टेव्हच ऑक्टेव्ह. तुमच्या धाकटीसाठी ते अगदी उलटं पडेल.

शिवाय ब्राम्सची मजा लय ओढण्यात आणि सोडण्यात आहे. थबकायचं, मग एकदम सुटायचं. ते दोघींनी एका श्वासात करावं लागतं. नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं, एकीची चूक झाली आणि दुसरी तिच्यासाठी थांबली.

माझा कौल ग्रीगला. नॉर्वेजियन नृत्यं, ओपस ३५, यातलं दुसरं. १८८१ मध्ये चार हातांसाठीच लिहिलेलं, त्यामुळे कुणाचं काही कापलं-जोडलेलं नाही. ए मेजरमध्ये हलकी, जराशी खट्याळ चाल, धाकटीच्या हाताला शोभेल अशी. ती चाल दोनदा ऐकून लोक सैलावतात, आणि मग मधला भाग धाडकन एफ शार्प मायनरमध्ये, जोरात आणि वेगात. खुर्चीत बसलेला माणूस दचकतो. तो भाग संपला की पहिली चाल काही झालंच नाही अशा थाटात परत येते. जेमतेम अडीच मिनिटांचं आहे, पण सगळ्यांचं लक्ष धरून ठेवतं.

याच्या जोडीला ग्रीगचंच 'डोंगरराजाच्या दरबारात', 'पेर गिंट'च्या पहिल्या सुइटमधलं शेवटचं. चार हातांचं रूप त्यांनी स्वतःच केलं आहे. दोन्ही मिळून पाच मिनिटं होतात. तुमच्या श्रोत्यांना याचं वेगळं काही समजावून सांगावं लागणार नाही. खालच्या सप्तकात दबक्या पावलांनी एकच चाल सुरू होते, तीच चाल वर सरकते, आवाज वाढतो, लय वाढते, आणि शेवटी नुसते आघात. विलंबितातून द्रुताकडे जाणं त्यांच्या अंगात मुरलेलं आहे.

सप्तपदी_नव्हे_सप्तक:

वरच्या सल्ल्याशी सहमत, पण शूबर्टची बाजू घेतल्याशिवाय राहवत नाही. मिलिटरी मार्च, डी ७३३ (शूबर्टच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक) मधलं पहिलं, १८२६ मध्ये छापलेलं. शूबर्टने चार हातांसाठी भरपूर लिहिलं आणि दोघांनाही काम कसं द्यायचं हे त्याला नेमकं माहीत होतं. कडवा ठेका, मध्ये जी मेजरमधला मऊ ट्रिओ (मधला वेगळा भाग), पुन्हा मार्च. लय स्थिर आहे, त्यामुळे घाबरलेल्या मुलांना ती सांभाळून घेते. मला रंगमंचाच्या दृष्टीने हेच सगळ्यात सुरक्षित वाटतं. फक्त सगळ्या पुनरावृत्ती घेऊ नका, लांबतं.

अंगाईबद्दल: ती शेवटी नको, पण टाकूनही देऊ नका. फोरेने ती १८९३ मध्ये एका लहान मुलीच्या पहिल्या वाढदिवसासाठी दिली होती. चार शार्प आहेत, पण वरची चाल साधी आहे आणि खालचा झोका मोठीला सहज जमेल. मध्यंतराआधी ठेवा. त्या श्रोत्यांना ती सगळ्यात जास्त भिडेल असं मला वाटतं. ठुमरीतला एखादा शांत बोल जसा लोक मान खाली घालून ऐकतात, तशी ऐकतील.

रावेलच्या 'मा मेर ल्वा' या चार हातांच्या संचाकडेही बघा, १९१०. त्यातली पहिली रचना, पवान नावाचं संथ नृत्य, अवघ्या वीस मापांची (बारची) आहे. तिसऱ्यात वरचा वादक बहुतेक काळ्या पट्ट्यांवरच फिरतो, पाच स्वरांत. आपल्या मंडळींना भूपासारखं काहीतरी ओळखीचं वाटेल. पण ते वेगात आहे, या वर्षी नको.

मूळ प्रश्नकर्ती:

दोघांचेही मनापासून आभार. ग्रीगची दोन्ही उतरवून घेतली, आयएमएसएलपी या स्वरलिपींच्या मोफत संकेतस्थळावर मिळाली. काल स्वतः सेकंडो वाजवून धाकटीकडून ए मेजरची चाल वाजवून घेतली. मधला भाग आला तेव्हा तिचे डोळे चमकले, ब्राम्सचं नावही काढलं नाही. अंगाई मध्यंतराआधी, हेही ठरलं.

आता दोन शंका. पेडल कोणी धरायचं? आणि हॉलमध्ये पियानो नाही, माझा डिजिटल पियानो न्यावा लागणार. दोघी मावतील ना?

मांडवीकाठ:

पेडल सेकंडोने, म्हणजे मोठीने. हार्मनीचा पाया तिच्या डाव्या हातात असतो, सूर कधी बदलला हे तिलाच आधी कळतं. पण तिला स्वतःच्या हातांऐवजी धाकटीची चाल ऐकत पेडल बदलायची सवय लावा. सुरुवातीला एक तालीम अशी घ्या की धाकटी एकटी वाजवते आणि मोठी फक्त पेडल देते. 'डोंगरराजा'च्या सुरुवातीला पेडल जवळपास नकोच, ती चाल कोरडी टोचली पाहिजे.

मोठीचा उजवा आणि धाकटीचा डावा हात जिथे एकमेकांजवळ येतात, ती मापं पुस्तकात खुणा करून ठेवा. कोणाचं मनगट वर, कोणाचं खाली, कोण पट्टीच्या आतल्या बाजूला वाजवणार, हे बोटांच्या क्रमाइतकंच पक्कं ठरवायचं. पान उलटायला शक्यतो तिसरी विद्यार्थिनी बसवा.

डिजिटलचं म्हणाल तर एक्स आकाराचा स्टँड नेऊ नका. चार गुडघ्यांना जागा उरत नाही आणि जोरात वाजवलं की डुलतो. सरळ पायांचा, टेबलासारखा स्टँड घ्या. पेडल जमिनीवर सरकतं, त्याला चिकटपट्टी लावा. पियानोत 'ड्युओ' किंवा 'ट्विन' मोड असेल तर तो बंद आहे ना हे बघा, त्यात कीबोर्डचे दोन सारखे भाग होतात आणि मधला सूर भलत्याच सप्तकात ऐकू येतो. ध्वनिव्यवस्था करणाऱ्याला बास थोडा कमी ठेवायला सांगा, नाहीतर मोठीच्या डाव्या हाताखाली धाकटीची चाल बुडेल. आणि मुलींच्या बाजूला, त्यांना स्वतःचं वाजवणं ऐकू यावं म्हणून, एक मॉनिटर स्पीकर हवाच.

'डोंगरराजा'त लय वाढवण्याचं आत्तापासून ठरवून टाका: कुठल्या मापापासून वाढणार आणि वाढवणार कोण. माझ्या मते मोठीने. पाठीमागून ढकलणारा ठेका तिच्याकडे आहे. धाकटीने फक्त मोठीच्या डाव्या हाताकडे कान ठेवायचा.