मदत हवी आहे : मनाली-लेह-हानले, तीन गाड्या आणि जादा पेट्रोल

सातारी_गिअर :
नमस्कार मंडळी. जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं मित्र मनाली-लेह करतोय. पुढे जमलं तर हानलेला दोन रात्री (एकाला दुर्बीण आणि आकाशगंगा बघायचीच आहे). पुण्याहून गाड्या रेल्वे पार्सलने चंदीगडला पाठवायच्या आणि तिथून चालवत वर जायचं, असा बेत आहे.

गाड्या तीन तऱ्हेच्या आहेत. माझी क्लासिक ३५०, २०२२ चं मॉडेल, टाकी १३ लिटर. एकाची इंटरसेप्टर ६५०, टाकी १३.७. आणि तिसऱ्याची स्प्लेंडर, ९.८. हो, स्प्लेंडरच. त्याला समजावून आम्ही थकलो, तेव्हा त्यावर चर्चा नको.

प्रश्न पेट्रोलचा. तांदीचा पंप सोडला की पुढचा ३६५ किलोमीटरवर, ही पाटी सगळ्यांनी फोटोत पाहिली आहे. आमचं असं चाललंय की प्रत्येकाने पाच-पाच लिटरचे दोन कॅन न्यावेत, म्हणजे एकूण तीस लिटर. घरी इंजिन ऑइलचे रिकामे प्लास्टिकचे कॅन पडलेत, ते धुऊन वापरता येतील, बंजी दोरीने सॅडलबॅगवर बांधता येतील. तर :

हे प्लास्टिकचे कॅन चालतील का? पंपावर कॅनमध्ये भरून देतात का? कायदा काय म्हणतो? उंचीवर कॅन फुगतो, फुटतो म्हणतात, त्यात तथ्य किती? आणि कॅन बांधायचा तरी कुठे? इंटरसेप्टरला दोन्ही बाजूंना सायलेन्सर आहेत.

अनुभवी लोकांनी सांगावं. "गुगल कर" म्हणणाऱ्यांना आधीच दंडवत.

पाऊण_टाकी :
वाखूसा (वाचनखूण साठवली). मलाही हेच विचारायचं होतं.

घाटवळण :
आधी गणित करा, मग कॅन. बहुतेक जण उलटं करतात. कॅन बांधलेली गाडी फोटोत भारी दिसते हे मान्य, पण तुम्हाला तीस लिटर कुठेच लागत नाही.

पाटीवरचे ३६५ हे तांदी ते लेह. लेहच्या अलीकडे साधारण ३५ किलोमीटरवर कारूला पंप आहे, म्हणजे खरी रिकामी पट्टी ३३० च्या आसपास. आता गाड्या बघा. स्प्लेंडर सामान लादूनही ५० देईल, ९.८ लिटरमध्ये ४९०. ती एक थेंब जादा न घेता लेहला पोचते. तुमची क्लासिक २८ धरली तर ३६४. पोचते, पण काठावर. इंटरसेप्टर लोड घेऊन चढावर २२ दिली तर तीनशेच. ही एकटीच खरोखर कमी पडते, तेही दीड लिटरच्या आसपास.

म्हणजे मनाली-लेहसाठी तिघांत मिळून पाच लिटरचा एक कॅन पुरे. ज्याच्या गाडीला आपण हसताय त्याला बिलकूल लागत नाही, हे त्याला नक्की सांगा.

मायलेज मात्र कंपनीचं धरू नका. निघायच्या आधी सगळं सामान लादून महाबळेश्वर किंवा पसरणीचा घाट करून या, टाकी फुल टू फुल मोजा. तो आकडा खरा.

सातारी_गिअर :
गणित बघून इंटरसेप्टरवाला गप्प झालाय, स्प्लेंडरवाल्याने स्टेटस टाकलंय. धन्यवाद. पण हानलेचं काय?

घाटवळण :
हानलेला जादा लागेल. कारूपासून उपशी, चुमाथांग, माहे, लोमा करत हानले साधारण २२० किलोमीटर. जाऊन-येऊन ४४०. त्याच हिशोबाने क्लासिकला तीनेक लिटर कमी पडेल, इंटरसेप्टरला सहा-साडेसहा. स्प्लेंडर पुन्हा आरामात. म्हणजे दहा लिटर, दोन कॅन. तिथून उमलिंग ला (ला म्हणजे खिंड) करायचा विचार मनात आला (येतोच, १९,०२४ फूट ऐकलं की माणूस स्वतःच्या ताब्यात राहत नाही) तर हा हिशोब मोडतो. जाऊन-येऊन आणखी दीड-पावणेदोनशे किलोमीटर वाढतात, मग तिन्ही गाड्यांना मिळून पंचवीस लिटरच्या घरात जादा लागेल. ते आत्ताच ठरवा, हानलेत बसून नको.

न्योमाच्या बाजूला त्या वेळी पेट्रोल मिळतंय का, हे लेहमध्ये निघायच्या आदल्या दिवशी विचारा. पंप असणं आणि पंपात पेट्रोल असणं या तिकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

काळा_धूर :
एवढं काय घाबरायचं. आम्ही वर्षानुवर्षं प्लास्टिकच्या कॅनमधूनच नेतोय. शेतावर फवारणीच्या पंपाला, पाण्याच्या इंजिनाला सगळा गाव प्लास्टिकमधूनच पेट्रोल नेतो. काही होत नाही.

नियमावली :
काळा_धूर, होत नाही तोवर होत नाही.

कायदा विचारलाय म्हणून सांगतो. पेट्रोलियम अधिनियम, १९३४, कलम ८. पेट्रोल हे क्लास ए, म्हणजे फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते) २३ अंशांच्या खाली. विक्रीसाठी नसलेलं क्लास ए पेट्रोलियम एका माणसाकडे तीस लिटरपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. पण त्याच कलमात भांडंही सांगितलंय : घट्ट बुचाचं, काचेचं, चिनीमातीचं किंवा धातूचं. काच-चिनीमाती असेल तर एका लिटरपर्यंत, धातूचं असेल तर पंचवीस लिटरपर्यंत. प्लास्टिक त्या यादीत नाही. १९३४ साली प्लास्टिकचे कॅन कुणाच्या डोक्यातही नव्हते हे खरं, पण कायदा अजून तोच आहे.

पंपावर बाटलीत, कॅनमध्ये द्यायचं की नाही हे बऱ्याचदा पंपवाल्यावर आणि त्या जिल्ह्याच्या आदेशावर ठरतं. "सुट्या बाटलीत पेट्रोल मिळणार नाही" हा बोर्ड सगळीकडे दिसतो. धातूचा स्वच्छ जेरी कॅन, बाजूला लादलेली गाडी, परराज्याची नंबर प्लेट असं दिसलं की डोंगरातले पंपवाले सहसा समजून घेतात. पाण्याची बाटली पुढे केलीत तर नाही म्हणतील, आणि बरोबरच म्हणतील.

आता तुमच्या बेतातलं सगळ्यात महत्त्वाचं, जे तुम्ही विचारलेलंच नाही : रेल्वे. गाडी पार्सलने पाठवताना टाकी रिकामी करून द्यावी लागते. आणि तुमच्याबरोबर डब्यात भरलेला कॅन तर अजिबात नको. रेल्वे अधिनियम, १९८९, कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय डब्यात बाकीची माणसं असतात. कॅन कोरडे, वास न येणारे न्या, नाहीतर मनालीत घ्या.

अर्धाकप :
रेल्वेवरून आठवलं. चंदीगडला गाडी उतरवून घेतली की टाकी ठणठणीत असते. एकाने आधी ऑटोने जाऊन जवळचा पंप बघून ठेवा. स्टेशनबाहेर बाटलीतून विकणारे भेटतात, त्यात काय मिसळलंय ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. एफआय (फ्युएल इंजेक्शनच्या) गाडीत ते घालू नका.

स्पॅनर_१० :
गॅरेज चालवतो म्हणून प्लास्टिकबद्दल थोडं.

ऑइलचा कॅन एचडीपीईचा (जाड, टिकाऊ प्लास्टिकचा) असतो, पेट्रोलने तो लगेच विरघळत वगैरे नाही. गोची झाकणात आहे. ते झाकण ऑइलसाठी बनवलंय, वाफेसाठी नाही. पेट्रोलची वाफ त्यातून झिरपते आणि तुमची सॅडलबॅग, जॅकेट, खायचे लाडू, सगळ्याला तो वास लागतो. त्यात दिवसभर घासून घासून बंजी दोरीचा आकडा कॅनला भोक पाडतो, हे मी गॅरेजात पाहिलंय. आणि ऑइल कितीही धुतलं तरी राहतं, ते इंजेक्टरला नको.

धातूचा पाच लिटरचा कॅन घ्या, रबराचा गॅस्केट बघून घ्या, आणि बरोबर एक जादा गॅस्केट. आतून गंज नको. नवीन कॅन घरी आधी पाण्याने भरून रात्रभर उलटा ठेवा. गळत असेल तर साताऱ्यातच कळेल. मग कडक उन्हात पूर्ण वाळवा, आपलं पेट्रोल इथेनॉलवालं आहे आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी जास्त झालं की ते इथेनॉलला घेऊन तळाशी बसतं, आणि फ्युएल पंप तळातूनच ओढतो.

फुगण्याबद्दल : तथ्य आहे. टांगलांग ला ५,३२८ मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा. खाली बंद केलेल्या कॅनच्या आत खालचाच दाब असतो, वर उन्हात पेट्रोलची वाफ वाढते, त्यामुळे कॅनच्या बाजू फुगतात. चांगला धातूचा कॅन फुटत नाही. पण झाकण एकदम उघडलंत तर पेट्रोल तोंडावर उडतं. पाव फेरा फिरवा, सूं आवाज येऊ द्या, तो थांबला की पुढे. आणि कॅन काठोकाठ भरू नका. पाच लिटरच्या कॅनमध्ये साडेचार-पावणेपाच पुरे, पेट्रोल तापलं की आकारमानाने वाढतं.

ओतताना गाडी बंद, दहा मिनिटं थंड होऊ दे. पंपावर भरताना कॅन जमिनीवर ठेवून भरायचा, गाडीवर बांधलेल्या अवस्थेत नाही. स्थिर विजेची ठिणगी जमिनीला जोडलेल्या कॅनमध्ये होत नाही. जाळीचं नरसाळं ठेवा, तिकडे वारा एवढा असतो की नरसाळ्याशिवाय अर्धं पेट्रोल मोरे प्लेन्सच्या पठाराला अर्पण.

काळा_धूर :
ठीक आहे, झाकणाचा मुद्दा पटला. लाडूंचा जास्त पटला.

सातारी_गिअर :
स्पॅनरदादा, लाख मोलाचं. आता फक्त बांधायचं कुठे ते सांगा. क्लासिकच्या पुढच्या लेगगार्डला कॅन अडकवायचे होल्डर मिळतात, ते कसे?

स्पॅनर_१० :
लेगगार्ड गाडी पडल्यावर सगळ्यात आधी जमिनीला लागतो, त्यासाठीच तो आहे. तिथे पेट्रोल टांगायचं म्हणजे बंपरवर गॅस सिलिंडर. शिवाय इंजिनाची उष्णता. नाल्यात, चिखलात गाडी आडवी होणार हे धरूनच चला.

क्लासिकचा सायलेन्सर उजवीकडे, म्हणून कॅन डावीकडे, मागच्या कॅरिअरच्या फ्रेमच्या आत, सॅडलबॅगच्या जागी आणि शक्य तितका खाली. दोन रॅचेटचे पट्टे, बंजी नाही. पाच लिटर पेट्रोल पावणेचार किलो, वर कॅनचं वजन, म्हणजे तोल फारसा बिघडत नाही. उजवीकडे हत्यारं आणि पंक्चरचं सामान टाकून बरोबरी करा. इंटरसेप्टरला दोन्हीकडे सायलेन्सर, तिच्यावर कॅन नकोच. तिचं पेट्रोल तुम्ही वाहा, ती तुम्हाला वाटेत ढाब्यावर मॅगी देईल.

नागमोडी_ताई :
स्पॅनरच्या प्रतिसादाला +१. एक गोष्ट जोडते, जी फार कमी जण करतात.

कॅन शेवटपर्यंत जपून ठेवू नका. लोक टाकी रिझर्व्हला येईपर्यंत पाच लिटर गाडीवर मिरवतात, म्हणजे सगळ्यात वाईट रस्त्यावरही ते भरलेलंच असतं. टाकीत पाच लिटरची जागा झाली की लगेच ओतून मोकळं व्हायचं. तांदीहून सर्चू ११५ किलोमीटरच्या आसपास आहे. तिथवर इंटरसेप्टरने पाच लिटर खाल्लेलं असेल. चहाला थांबाल तेव्हा सगळा कॅन तिच्यात रिकामा करा. मग गाटा लूप्सची वळणं, नकी ला, लाचुंग ला, पांगपर्यंतचा खडबडीत भाग कॅन रिकामा ठेवून होतो.

पण रिकामा म्हणजे निर्धोक नाही. आत वाफ असते आणि ती द्रवापेक्षा लवकर पेटते. झाकण घट्टच ठेवायचं. रात्री कॅन तंबूत किंवा खोलीत आणायचा नाही, विशेषतः बुखारी (खोली तापवायची शेगडी) पेटलेली असेल तिथे. थंडी कितीही असो, तो बाहेर गाडीवरच.

एफआय गाडी पूर्ण कोरडी पडू देऊ नका. पंप टाकीत पेट्रोलमध्येच बुडालेला असतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं. दिवा लागला की "अजून पन्नास जाईल" हा खेळ त्या रस्त्यावर नको.

आणि मनालीतही टाकी भरा. तांदीला कधी लांबलचक रांग असते, कधी साठा संपलेला असतो. मनाली ते तांदी अटल बोगद्यातून साठ-पासष्ट किलोमीटर. मनालीत भरून, तांदीला फक्त वरची भर घातली की दोन्ही बाजूंनी सुरक्षित.

घाटवळण :
ताई, सर्चूला ओतायचा सल्ला सोन्यासारखा. हानलेलाही तेच लागू, माहेपर्यंत दोन्ही कॅन मोकळे होतील.

पाऊण_टाकी :
वेगळा प्रश्न. कॅन न नेता एका गाडीतून दुसऱ्या गाडीत पाइपने काढता येत नाही का? स्प्लेंडरमध्ये तर उरणारच आहे.

स्पॅनर_१० :
येतं, पण बऱ्याच नवीन टाक्यांच्या तोंडाशी जाळी किंवा पट्टी असते, पाइप आत जात नाही. निघायच्या आधी घरी करून बघा. तोंडाने कधीही ओढू नका, पेट्रोल फुप्फुसात गेलं तर त्या उंचीवर दवाखाना शोधावा लागेल. दाबायचा रबरी फुगा असलेला हातपंप दोनेकशे रुपयांत मिळतो. पारदर्शक पाइप घ्या.

सातारी_गिअर :
मंडळी, ठरलं. धातूचे पाच लिटरचे दोन कॅन, दोन्ही माझ्या क्लासिकवर डावीकडे. मनालीपर्यंत कोरडे. तांदीला एकच भरायचा, सर्चूला इंटरसेप्टरमध्ये ओतायचा. दोन्ही कॅन परत कारूला भरायचे, तेही हानलेचं पक्कं झालं तरच. उमलिंग ला यादीतून कापला. स्प्लेंडरवाला नाराज आहे, म्हणतो माझी गाडी तर अडीच लिटर जादा घेऊन जाईल. तो एकटा जाऊन आला तर इथे फोटो टाकीन.

एक शेवटची शंका : येताना श्रीनगर-जम्मूमार्गे उतरून जम्मूहून गाड्या रेल्वेने पाठवणार. तेव्हा वापरलेल्या कॅनचं काय करायचं? धुऊन वाळवले तरी वास राहणारच.

नियमावली :
वास येत असेल तर रेल्वेत नेऊ नका, सरळ गोष्ट आहे. तिथेच कुणाला देऊन टाका.

पाऊण_टाकी :
देऊन टाकणार असाल तर आमची तुकडी जुलैच्या शेवटी श्रीनगरकडून चढतेय. तारखा व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, वाटेत कुठेतरी गाठ पडेल. कॅन आमच्याकडे द्या, गॅस्केटसकट. मॅगी आमच्याकडून.