सिंगल कॅम की ड्युअल कॅम? मिशिगनला जातोय, शिकारीसाठी कंपाऊंड बो घ्यायचाय

वारजेकर_५५:
नमस्कार मंडळी. मी वारज्यात राहतो, तीन वर्षं झाली कंपाऊंड (टोकांना चाकं आणि केबल असलेलं धनुष्य) करतोय, शनिवार-रविवार सकाळी ५० मीटर मारायचं एवढंच, स्पर्धा वगैरे जिल्ह्याच्या पुढे नाही. आता कंपनी दोन वर्षांसाठी मिशिगनला पाठवतीय, ऑगस्टमध्ये निघायचंय. तिथल्या टीममधले दोघं दरवर्षी बोने हरणाची शिकार करतात, मटण फ्रीजरला ठेवून हिवाळाभर खातात, ते म्हणाले नेम आहेच तुझा तर चल आमच्याबरोबर. तिकडे बोचा सीझन १ ऑक्टोबरला चालू होतो, लायसन्सच्या आधी हंटर सेफ्टीचा कोर्स लागतो, ते सगळं रीतसर करणार आहे. आणि आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे हे मला माहितीय, इथे काही करायचा विचारही नाही, त्यामुळे प्लीज त्यावर वाद नको.

माझा टार्गेट बो लांब आहे, तो घरीच ठेवून जाणार. तिथे एक जण त्याचा जुना सिंगल कॅम (कॅम म्हणजे बोच्या टोकाचं लंबगोल चाक, यात एकच असतं, ड्युअलमध्ये दोन) स्वस्तात देतोय. दुसरा म्हणतो तो घेऊ नकोस, जमाना गेला त्याचा, सरळ नवीन ड्युअल कॅम घे, स्पीड बघ किती मिळतो. दोघांच्यामध्ये माझं डोकं फिरलंय. कुणी दोन्ही वापरलेत का?

मैदानावरचा_काका:
वापरलेत आणि शिकवतोही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हा सिंगल कॅम आला कशासाठी ते आधी समजून घे. कंपाऊंडचं पेटंट अमेरिकेच्या अ‍ॅलन यांना १९६९ साली मिळालं आणि पुढची वीसेक वर्षं बो म्हणजे वर एक चाक, खाली एक चाक. दोन्ही एकाच वेळी फिरली पाहिजेत, पण त्या काळच्या स्ट्रिंगा ताणायच्या, एक केबल जास्त ताणली की एक चाक मागे राहायचं आणि बाण वर नाहीतर खाली जायचा. यावर मॅथ्यूज या बो कंपनीच्या मॅकफर्सन यांनी १९९२ मध्ये सिंगल कॅम काढला, खाली एकच कॅम आणि वर नुसतं गोल आयडलर व्हील, त्यामुळे जुळवायला दुसरा कॅमच उरला नाही. लोकांनी उचलून धरला तो यासाठी.

पण “सिंगल कॅमला मेंटेनन्स नाही” हे जे सांगतात ते खरं नाही हां. त्याची स्ट्रिंग खालून वर जाऊन परत खाली येते, म्हणजे चांगली लांबलचक असते, आणि ती ताणली की कॅमची पोझिशन बदलते, ड्रॉ लेंग्थ (स्ट्रिंग किती मागे येते ते) बदलते, पीप (स्ट्रिंगमधलं नेम धरायचं भोक) फिरतो. फक्त हे हळूहळू होतं म्हणून लक्षात येत नाही. आता चांगल्या स्ट्रिंगा आधीच ताणून बनवतात, त्यामुळे ड्युअल कॅमचं जुनं दुखणं बरंच कमी झालंय आणि खुद्द मॅथ्यूजच्याही आताच्या मोठ्या मॉडेलना वर-खाली कॅमच असतात. दुकानात “ड्युअल” म्हणून जे दाखवतील त्यातले बरेचसे बायनरी किंवा हायब्रिड निघतील, बायनरीत दोन्ही कॅम एकमेकांना बांधलेले असतात, एक पळाला की दुसऱ्याला पळावंच लागतं. तुला निवडायचंच असेल तर तिथे बघ.

एक गोष्ट मात्र दोन कॅमचा कुठलाही बो हातात घेतलास की कर. मित्राला फुल ड्रॉ करायला, म्हणजे स्ट्रिंग पूर्ण खेचायला सांग, बाण लावून आणि टार्गेटकडेच तोंड करून, आणि तू बाजूला उभा राहून वरचा आणि खालचा स्टॉप (कॅमचं फिरणं अडवणारी खुंटी) बघ. दोन्ही एकदम टेकले पाहिजेत. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडच्या एका मुलीचे बाण सारखे वर जात होते, ती बिचारी आठवडाभर स्वतःचाच हात सुधारत बसली. मग लाकडी फ्रेमवर ‘सकाळ’ पेपरचं पान ताणून दोन मीटरवरून बाण मारला तर पिसांचं भोक टोकाच्या भोकाच्या इंचभर वर, आणि वरच्या स्टॉपखाली पोस्टकार्ड सरकेल एवढी फट. केबलला दोन पीळ दिले आणि फाटलेल्या कागदाची रेघ गेली.

२०२३ ला बर्लिनला आपली साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाऊंडमध्ये वर्ल्ड चॅम्पियन झाले तेव्हापासून ग्राऊंडवर मुलं वाढलीत, छान वाटतं, पण नवीन येणारा पहिला प्रश्न स्पीडचा विचारतो. तू तरी विचारू नकोस.

विस्कॉन्सिनमधला_पुणेकर:
काकांशी सहमत, आणि शिकारीच्या बाजूने मी सांगतो, मी इथे सात सीझन केलेत. स्पीडचं गणित एकदा कागदावर मांडून बघ. हरीण साधारण २० यार्डावर असतं, म्हणजे ६० फूट. ताशी वगैरे सोड, २८० फूट सेकंदाला जाणारा बाण तिथे ०.२१ सेकंदात पोचतो, ३०० चा ०.२० मध्ये. फरक एका सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा. आवाज मात्र दोघांच्याही कितीतरी आधी, ०.०५ सेकंदात पोचतो. हरीण तो आवाज ऐकून पळायला म्हणून आधी खाली दबतं आणि तेवढ्यात बाण वर लागतो. म्हणून मी स्पीडपेक्षा शांत बो आणि जड बाण बघतो, ४२० ग्रेनचा (साधारण २७ ग्रॅम) बाण २७० नी गेला तरी ६८ फूट-पाऊंड एनर्जी होते, पांढऱ्या शेपटीच्या हरणाला ती पुरून उरते.

दुसरं म्हणजे ड्रॉ. ग्राऊंडवर आपण गरम झालेलो असतो. इथे झाडावर तीन-तीन तास न हलता बसायचं, अंगात जाड जॅकेट, बोटं गारठलेली, आणि मग हरणाच्या डोळ्यासमोर हळूच खेचायचं. जुना सिंगल कॅम इथे खरंच छान, लोण्यासारखा येतो. काही ड्युअल कॅम सुरुवातीलाच एकदम जड लागतात आणि शेवटी वजन धपकन उतरतं, माणूस बो आकाशाकडे उचलून खेचतो आणि हरीण गेलंच म्हणून समज.

माझी चूक सांगतो. दुसऱ्या वर्षी मी खेचायला ७० पाऊंड जोर लागणारा ड्युअल कॅम घेतला, उन्हाळाभर गाडीच्या डिकीत ठेवला, आणि सीझनच्या आधी कागदावर मारून बघितला नाही. २५ यार्डावरची मादी, बाण चार बोटं वर लागला. रात्री अकरापर्यंत टॉर्च घेऊन ओल्या पानांवर रक्ताचे थेंब शोधत होतो, एका ओढ्यापाशी थेंब संपले. सकाळी परत गेलो, नाही सापडली. अजून डोळ्यासमोर येतं ते. जनावराला मारायचं तर एका बाणात, दोन्ही फुप्फुसातून, नाहीतर सोडायचाच नाही.

बाणेर_बायनरी:
जरा दुसरी बाजू. सिंगल कॅमचं लोणी मान्य, पण जुना बो म्हणजे किती जुना हे कुणीच विचारलं नाही! दहा-बारा वर्षांच्या बोला लिंबमध्ये (बोच्या वाकणाऱ्या पट्ट्यांमध्ये) बारीक चिरा असू शकतात, कापसाचा बोळा लिंबवरून फिरव, धागा अडकला की हात लावू नकोस त्याला. स्ट्रिंग-केबलचा नवीन सेट टाकायला बो प्रेस (लिंब दाबून स्ट्रिंग सैल करायचं यंत्र) लागतो, तो घरी नसतो, म्हणजे दुकान आलंच. मग दुकानात जायचंच आहे तर बायनरी का नको? बॅक वॉल, म्हणजे पूर्ण खेचल्यावर स्ट्रिंग जिथे अडते ती जागा, दगडासारखी असते, टार्गेटवाल्याला ती सवयीची वाटते. आणि पाऊंड कमी ठेव, ५५ वर आरामात खेचता येत असेल तर ६५ च्या मागे लागू नकोस.

वारजेकर_५५:
मनापासून आभार सगळ्यांचे. काका, स्टॉपचं मी कधी बघितलंच नव्हतं, आज सकाळी माझ्याच बोवर बघितलं तर खालचा किंचित आधी टेकतोय, रविवारी घेऊन येतो. जुन्या बोवाल्याला मेसेज टाकलाय, स्ट्रिंग कधी बदलली आणि लिंबचे जवळून फोटो, दोन्ही मागितलेत. लिंब साफ असतील तर तो घेणार, ५५ वर ठेवणार, आणि नवीन स्ट्रिंग टाकून सप्टेंबरभर जॅकेट घालून बसून मारणार. विस्कॉन्सिनवाले दादा, रात्री माग काढताना किती वेळ थांबून मग उतरायचं झाडावरून?

विस्कॉन्सिनमधला_पुणेकर:
फुप्फुसात नीट लागलाय असं दिसलं तरी अर्धा तास हलू नकोस. पोटात लागला असं वाटलं तर सहा-आठ तास, मग कितीही रात्र होऊ दे. बाण कुठे पडलाय ती जागा आधी डोळ्यात ठेव, उतरल्यावर पहिलं बाणाकडे जा, रक्तात बुडबुडे असतील तर फुप्फुस, हिरवट आणि वास असेल तर तसाच मागे फिर.