मे २०२०: मुंबई-पुण्यात लष्कर येणार होतं का?

प्रश्न: ‘शनिवारपासून १० दिवस मिलिटरी लॉकडाऊन, फक्त दूध आणि औषधं मिळणार.’ या मेसेजमध्ये काही तथ्य होतं का?

उत्तर १: अजिबात नाही. ८ मेला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरेंनीच सांगितलं, की लष्कर येणार नाही. दमलेल्या पोलिसांना विश्रांती मिळावी म्हणून गरज पडल्यास केंद्राकडून जादा मनुष्यबळ घेऊ, एवढंच. नंतर २० कंपन्या (म्हणजे तुकड्या) मागितल्या, त्या केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांच्या. ही दलं गृह मंत्रालयाची, लष्कर संरक्षण मंत्रालयाचं. पण ठिपक्यांची वर्दी दिसली की आपली मंडळी ‘मिलिटरी आली’ म्हणून मोकळी!

उत्तर २: त्यातल्या आरएएफची (शीघ्र कृती दलाची) वर्दी तर चक्क निळी असते. आणि ‘कोरोना मारायला रात्री हेलिकॉप्टरमधून औषधाची फवारणी’ हा तेव्हा फिरणारा दुसरा मेसेजसुद्धा थापच. ३ मेला हवाई दलाने रुग्णालयांवर उधळली ती फुलं, तीही दिवसाढवळ्या.