मदत हवी आहे: स्पॅम फिल्टरमध्ये प्रत्येक मेल १५-१६ सेकंद अडकतोय

रात्रपाळी: सकाळपासून मेलची रांग वाढतेच आहे, आत्ता ८०० च्या वर गेली. रॅम भरपूर, सीपीयू निवांत, तरी एकेक मेल फिल्टरमध्ये अडकून बसतो. दोनदा रीस्टार्ट केलं. फोनवर फोन येताहेत. लवकर सांगा कुणीतरी.

खटपट्या: फिल्टर कुठला ते तरी लिहा. मेल सर्व्हर आणि स्पॅमतपासणी यांना जोडणारा अमाविस मध्ये आहे का? काल काय बदललंत?

रात्रपाळी: मेल सर्व्हर पोस्टफिक्स, मध्ये अमाविस, स्पॅम तपासायला स्पॅमअसॅसिन. काहीच बदललं नाही.

जुनंखोड: स्पॅमअसॅसिन सोडा, आरस्पॅमडी हा फिल्टर घ्या. आम्ही घेतलं, परत मागे वळून पाहिलं नाही.

खटपट्या: रांग तुंबलेली असताना फिल्टर बदलायला काय सांगता? आधी दुखणं कुठंय ते कळू दे. अमाविसची लॉग लेव्हल २ करा आणि लॉगमधली टायमिंगची ओळ (कुठल्या टप्प्याला किती वेळ लागला ती) इथे टाका.

शाईपेन: डीकेआयएम, डीमार्क (मेल खरंच तुमच्याकडूनच गेल्याची खात्री पटवणारं) लावलंय ना? आमचे मेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जायचे, ते लावल्यावर थांबलं.

गाळणी: बेझचा, म्हणजे फिल्टर जुन्या मेलवरून शिकतो त्याचा, डेटाबेस फुगला असणार. जुन्या नोंदी आपोआप काढणारं ऑटो एक्स्पायर बंद करून ते रात्री क्रॉनमधून, ठरल्या वेळी, चालवा. माझ्याकडे हेच निघालं होतं.

खटपट्या: एक्स्पायर एखाद्या मेलला धरतं हो, प्रत्येकाला नाही.

गाळणी: आणि बाकीचे डेटाबेसचं लॉक सुटेपर्यंत ताटकळतात त्याचं काय?

रात्रपाळी: ही घ्या ओळ. एकूण १५८४० मिलिसेकंद, त्यात एसए चेक (स्पॅमअसॅसिनची तपासणी) १५३१०, ९७ टक्के.

खटपट्या: सापडलं बहुतेक. स्पॅमअसॅसिनचा आरबीएल टाइमआउट, म्हणजे स्पॅम पाठवणाऱ्यांच्या याद्यांना डीएनएसवरून विचारून उत्तराची वाट बघायची मुदत, मुळातच १५ सेकंदांचा असतो. डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी यंत्रणा) उत्तरच देत नाहीये. त्यात अमाविसचं मॅक्स सर्व्हर्स (एका वेळी किती मेल तपासायचे ते) मूळच्या २ वरच असेल, तर तासाला जेमतेम ४५० मेल पुढे सरकतात. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये, म्हणजे डीएनएस कुणाला विचारायचं त्या फाइलमध्ये, काय आहे?

रात्रपाळी: पहिला पत्ता राउटरचा, दुसरा गुगलचा ८.८.८.८. राउटर काल रात्री बदलला, पण त्याचा मेलशी काय संबंध?

खटपट्या: तोच संबंध. नवा राउटर त्या पत्त्यावर नाही, आणि स्पॅमअसॅसिन तिथेच विचारत बसलंय. आता नुसता ८.८.८.८ ठेवू नका, अशा सार्वजनिक रिझॉल्व्हरमार्फत (डीएनएसची उत्तरं शोधून देणाऱ्या सर्व्हरमार्फत) आलेल्या प्रश्नांना स्पॅमहाउस ही याद्या चालवणारी संस्था नीट उत्तर देत नाही. त्याच मशीनवर अनबाउंड हा स्वतःचा रिझॉल्व्हर चढवा, फॉरवर्डर न देता, म्हणजे प्रश्न दुसऱ्या रिझॉल्व्हरकडे जाणार नाहीत. हाताने घातलेल्या जुन्या स्पॅम-याद्याही बघा, त्यातली सॉर्ब्स २०२४ मध्येच बंद झालीय.

जुनंखोड: आरस्पॅमडीलाही स्थानिक रिझॉल्व्हर लागतोच, हे खरं.

रात्रपाळी: अनबाउंड चढवलं. एसए चेक ६४० वर आलं, रांग सव्वाशेवर. खूप आभार! मॅक्स सर्व्हर्स वाढवू का आता?

खटपट्या: रांग उतरू द्या आधी.