ईईओसीकडून मध्यस्थीचं पत्र आलंय, हो म्हणावं का?

प्रश्न:
वंशावरून बढतीत डावललं आणि नंतर कामावरून काढलं, अशी तक्रार अमेरिकेत ईईओसीकडे (नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी पाहणारा सरकारी आयोग) दाखल आहे. कंपनी १२० माणसांची. मध्यस्थीला होकार दिला तर तक्रार लंगडी पडते का? तिथे बोललेलं पुढे अंगाशी येतं का?

उत्तर:
दोन्हीची भीती नको. मध्यस्थी ऐच्छिक आणि विनामूल्य आहे, दोन्ही बाजू तयार असतील तरच होते. मध्यस्थ निकाल देत नाही. फिसकटली तर तक्रार चौकशीकडे जाते, आणि बैठकीत बोललेलं तपास अधिकाऱ्यापर्यंत पोचत नाही. रेकॉर्डिंग होत नाही. बैठक साधारण ३-४ तासांची असते. बहुतेक प्रकरणं ३ महिन्यांच्या आत मार्गी लागतात, चौकशीला १० महिने किंवा त्याहून जास्त लागू शकतात. वकील सक्तीचा नाही, पण सोबत नेता येतो. एक गोष्ट मात्र आधीच विचारून घ्या: कंपनीकडून येणाऱ्या माणसाला तिथल्या तिथे तडजोडीवर सही करायचा अधिकार आहे ना? नसेल तर ‘वर विचारून सांगतो’ यातच दिवस जातो.

दुसरं उत्तर:
हिशेबाचा कागद नेल्याशिवाय जाऊ नका. पगार महिना ६,००० डॉलर, ५ महिने घरी, म्हणजे ३०,०००. त्यातून मधल्या काळातली कमाई, समजा ८,०००, वजा केली की उरतात २२,०००. त्यावर आरोग्य विमा आणि बुडालेला बोनस. मनस्ताप आणि दंडात्मक भरपाई मिळून १०१ ते २०० कर्मचाऱ्यांच्या कंपनीला टायटल सेव्हनखाली (नोकरीतल्या भेदभावाविरुद्धचा अमेरिकी कायदा) कमाल १ लाख डॉलर. बुडालेला पगार या मर्यादेबाहेर. पहिला आकडा तोंडाला येईल तो टाकला की समोरचा ऐकणंच सोडतो. आकड्यामागे पगाराच्या स्लिपा हव्यात.

पैशांशिवायही मागा. राजीनामा अशी नोंद, आणि शिफारस विचारली तर फक्त पद व तारखा सांगायच्या, हे पुढच्या नोकरीला फार कामी येतं.

तिसरं उत्तर:
खरा घोटाळा करारात होतो. दमलेल्या माणसाकडून संध्याकाळी सही घेतली जाते. ‘लवकरच रक्कम देऊ’ नको, ‘सहीपासून ३० दिवसांत’ असं लिहून घ्या. पगाराची रक्कम डब्ल्यू-२ वर (पगाराचा कर-फॉर्म) आणि बाकीची १०९९ वर (इतर उत्पन्नाचा कर-फॉर्म) कशी दाखवणार, तेही त्यातच. सही झालेला करार कोर्टातून अमलात आणता येतो, तसाच तो तुम्हालाही बांधतो आणि तक्रार तिथेच बंद होते. म्हणून प्रत्येक कलम मोठ्याने वाचून घ्या.

आणखी एक प्रश्न:
आमचं अजून एचआरपुरतंच आहे. तिथेच मध्यस्थी करून पाहिली, नाही जमलं तर ईईओसी. चालेल?

उत्तर:
चालेल, पण कॅलेंडर समोर ठेवून. घटनेपासून १८० दिवसांत तक्रार दाखल करावी लागते. तसाच भेदभाव रोखणारा कायदा राबवणारी राज्याची किंवा स्थानिक एजन्सी असेल तर ३०० दिवसांत. एचआरमध्ये बोलणी चालू आहेत म्हणून ही मुदत सहसा थांबत नाही. आधी तक्रार दाखल करा, मग हवी तितकी बोलणी करा.